माणिकबाईच्या कंबरेचा खटला

माणिकबाई पडली तेव्हा जिनातलं कुणी फारसं घाबरलं नाही, कारण रक्त आलं नव्हतं.

धामणगावला रेल्वेच्या रुळांपलीकडे तो जिन होता, कापसातली सरकी काढायचा कारखाना. दिवाळी झाली, कापसाच्या बैलबंड्या यायला लागल्या, की वस्तीतल्या बायांना तिथं काम मिळायचं. यंत्रांच्या रांगेला लागून माणूसभर उंचीचा लाकडी माच होता. त्यावर बसून बायांनी यंत्राच्या तोंडात कापूस सोडायचा; रुई एकीकडे पडायची, सरकी दुसरीकडे. माणिकबाई या कामात मुरलेली होती. तिचा नवरा शालिकराम माळी. नाल्याकाठचा आपला मळा करायचा, वांगी आणि मेथी बाजारात नेऊन विकायचा. एकुलती लेक परतवाड्याला दिलेली. दोघांचं पोट भरून चार पैसे उरतील इतकं चाललं होतं.

माचाची एक फळी कुजली होती. माणिकबाईच्या शेजारी बसणाऱ्या हलीमाबीनं ते मुकादमाच्या कानावर घातलंही होतं. मुकादम सूर्यभान म्हणाला, एवढा हंगाम निघू द्या. हंगाम निघायच्या आत फळी निघाली. माणिकबाई बसल्या बसल्या खाली गेली आणि यंत्राच्या लोखंडी पायावर कंबरेनं आदळली. वरून पाहणाऱ्या बायांना वाटलं, सरकीवर पडली, वाचली. तिलाही तसंच वाटलं. उठायला गेली तेव्हा कंबरेतून डाव्या टाचेपर्यंत कुणीतरी तापलेली सळई ओढल्यासारखं झालं आणि ती पुन्हा खाली बसली.

मॅनेजरनं त्याच दिवशी कंपनीचा डॉक्टर आणवला. त्यानं लुगड्यावरून दोन बोटं दाबली आणि वाकायला सांगितलं. माणिकबाई वाकली. डॉक्टरनं सांगितलेलं करायचं असतं एवढंच तिला ठाऊक होतं. डोळ्यांपुढं अंधारी आली, तरी ती वाकली. डॉक्टर म्हणाला, हाड शाबूत आहे, सूज नाही, खरचटलंसुद्धा नाही. आठवड्यानं कामावर येऊ दे.

आठवड्यानं ती गेली. माचावर चढली, पण घडीभरात तिला बसवेना. उभी राहिली तर यंत्राच्या तोंडापर्यंत हात पोचेना. सूर्यभाननं तिला खाली उतरवलं आणि तिच्या जागी दुसरी बाई बसवली. पुढच्या आठवड्यात हजेरीत तिचं नावच नव्हतं.

घरी तरी कुणाला कळत होतं असं नाही. शालिकराम म्हणायचा, विटेनं शेकून घे, होईल बरं. उन्हाळा गेला, पाऊस गेला, कंबर होती तशीच. सरकारी दवाखान्यातले खुशालराव डॉक्टर तिला महिनोन् महिने पाहत होते. पट्टे लावून झाले, गोळ्या झाल्या. ते तिला नेहमी एकच विचारायचे, काल किती वेळ बसता आलं? असं विचारणारं दुसरं कुणी तिला भेटलं नव्हतं. मग त्यांचीही अकोल्याला बदली झाली. वस्तीत कुजबुज सुरू झाली, की माणिकबाईला बसून खायची सवय लागली. बसून खायची! तिला हसू यायचं. तिला बसताच तर येत नव्हतं.

कायद्याची गोष्ट हलीमाबीनं आणली. तिचा मावसभाऊ नागपूरच्या गिरणीत होता. तिथं कामावर जायबंदी झालेल्या माणसाला मालकाकडून भरपाई मिळते, तसा सरकारचा कायदाच आहे, असं तो सांगून गेला होता. हलीमाबीला तो कायदा नीट सांगता येईना, पण तिनं माणिकबाईचा पिच्छा सोडला नाही. शेवटी शालिकराम बायकोला घेऊन अमरावतीला गेला. राजापेठेत वामनराव म्हणून एक वकील होते. कुळांचे आणि वाटणीचे दावे चालवणारा माणूस. हा कायदा त्यांनी वाचला होता, पण चालवला कधी नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि भरपाईच्या कमिशनरपुढं दावा लावला.

तारखेच्या दिवशी कोर्टात शिरण्याआधी वामनरावांनी तिला बजावलं. कमिशनर साहेबासमोर नीट ताठ बसायचं. कण्हायचं नाही, रडायचं नाही, मध्येच उठायचं नाही. साहेब कडक आहेत, त्यांना तमाशा चालत नाही.

माणिकबाई ताठ बसली. बाकाला पाठ नव्हती. पहिल्या घटकेतच डावा पाय बधिर झाला, मग मांडीत ठणका सुरू झाला. पदराआड तिनं आपलाच हात इतका घट्ट धरला, की मनगटावर नखांचे वळ उठले. पण चेहऱ्यावर तिनं काही दिसू दिलं नाही. परक्या पुरुषांसमोर बाईनं अंगाचं दुखणं दाखवू नये हे तिला वकिलानं शिकवायची गरज नव्हती.

कंपनीच्या डॉक्टरनं सांगितलं, जखमेची खूण नव्हती, बाई सांगताक्षणी वाकली. मग सूर्यभान उभा राहिला. आपण या बाईला भर सकाळी विहिरीवरून घागर आणताना पाहिलं, असं तो म्हणाला. माणिकबाईला तो दिवस आठवला. शालिकराम हिवतापानं फणफणत होता आणि घरात प्यायला थेंब नव्हता. कंपनीच्या वकिलानं तिला विचारलं, "घागर आणली की नाही?"

"आनली, पन ते—"

"पण नको. आणली?"

"आनली."

वामनरावांनी खुशालराव डॉक्टरांचा दाखला पुढं केला. साहेबांनी तो पाहिला न पाहिल्यासारखा केला. डॉक्टर कुठं आहेत म्हणून विचारलं आणि अकोल्याला बदली झाली हे कळल्यावर बाजूला सरकवला.

निकाल लागला तेव्हा वामनरावांनी दोघांना घरी बोलावून घेतलं. इंग्रजीतला निकाल ते थांबत थांबत मराठीत सांगू लागले. दावा फेटाळला आहे. कारण, शरीरावर इजेची खूण नाही. कारण, बाई पाण्याची घागर उचलते, म्हणजे तिला काम होतं. आणि तिसरं कारण सांगताना ते जरा अडखळले. साहेबांनी लिहिलं होतं, की ही बाई आमच्यासमोर सबंध सुनावणीभर स्वस्थ बसली होती, तिला काही त्रास होत असल्याचं आम्हाला दिसलं नाही.

माणिकबाई वामनरावांच्या ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. तिनं ते पुन्हा सांगायला लावलं. वामनरावांनी पुन्हा सांगितलं.

"तुमीच सांगतलं होतं ना, कण्हू नोको म्हनून?"

शालिकराम तिला खूण करत होता, वकीलसाहेबांना असं बोलू नये म्हणून. पण माणिकबाईच्या अंगात जे उसळलं होतं ते खुणेनं बसणारं नव्हतं. पडल्यापासून ती रडली होती, देवाला बोलली होती, स्वतःच्या कंबरेला शिव्या दिल्या होत्या. राग मात्र तिला आज पहिल्यांदा आला. दुखलं ते तिनं गिळलं, आणि गिळलं म्हणून ते नव्हतंच, असं एका माणसानं शाई घेऊन कागदावर लिहिलं होतं. फळी कुजलेली होती हे कुणी नाकारलं नव्हतं. ती पडली हेही नाकारलं नव्हतं. फक्त तिला दुखतं एवढंच काय ते खोटं ठरलं होतं, आणि तेच एक तिला सगळ्या जगात सगळ्यांत पक्कं ठाऊक होतं.

वामनराव म्हणाले, वर नागपूरला अपील करता येईल. पण एक अडचण आहे. वरचं कोर्ट दुखतं की नाही हे बघत नाही. खाली कायद्याची चूक झाली असेल तरच ते हात घालतं.

"मंग नाई का झाली चूक?" माणिकबाई म्हणाली.

त्या प्रश्नानं वामनरावांचा पिच्छा पुरवला. त्यांनी कायदा पुन्हा काढून वाचला. जखम दिसते का, असं कायदा विचारतच नव्हता. इजेमुळं माणसाची कमवायची ताकद घटली का, एवढंच तो विचारत होता. आणि तो प्रश्न तर त्या निकालात कुठं आलाच नव्हता. शिवाय ज्यांनी महिनोन् महिने उपचार केले त्या डॉक्टरांना बोलावलं नाही, त्यांचा दाखला का मानला नाही याचं कारण दिलं नाही, आणि साहेबांनी आपल्या डोळ्यांचाच पुरावा करून टाकला. वामनरावांनी अपील लिहिलं, आणि त्याबद्दल फीचं नाव काढलं नाही.

अपिलाची तारीख लागेपर्यंत बराच काळ गेला. या काळात शालिकराम बदलला. तो फार बोलणारा माणूस नव्हता. निकाल ऐकून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला, घागर घेतली आणि विहिरीवर गेला. विहिरीवर सगळ्या बाया. त्या हसल्या. बाप्या माणूस भरल्या दिवसा पाणी भरतो! हलीमाबीनं त्याच्या हातून पोहरा घ्यायला पाहिलं, पण त्यानं दिला नाही. माणिकबाईला लाज वाटली, ती त्याला रागावलीही.

"हसू दे त्याहिले," तो म्हणाला. "तुह्या हातात घागर होती म्हनून आता कोनी लिहून दाखवावं."

त्यानंतर तिनं त्याला अडवलं नाही.

नागपूरला तिनं यायची गरज नाही, वरच्या कोर्टात कुणी तिला काही विचारणार नाही, असं वामनरावांनी कळवलं होतं. तरी ती गेली. माझ्या कंबरेचं बोलणं चालणार आहे तर ती कंबर तिथं असली पाहिजे, असं तिचं म्हणणं. गाडीत बाकावर बसवेना म्हणून ती दोन बाकांच्या मधल्या जागेत शालिकरामच्या उपरण्यावर आडवी झाली. चढणारे उतरणारे तिला ओलांडून जात होते. पुलगाव गेलं, वर्धा गेलं. एका म्हातारीनं विचारलं, काय झालं पोरी? माणिकबाईनं सांगितलं, जिनात पडली. म्हातारी म्हणाली, मग दुखतच असेल. इतकं सोपं होतं ते. म्हातारीला निकाल लिहावा लागला नाही.

नागपूरच्या कोर्टात छत उंच आणि बोलणं सगळं इंग्रजीत. मागच्या बाकावर ती थोडा वेळ बसली. मग तिनं ठरवलं, की आता गिळायचं नाही. ती उठली, भिंतीकडेला गेली आणि कुशीवर आडवी झाली. शिपाई धावत आला. कुजबुज झाली, माना वळल्या. वर बसलेल्या न्यायमूर्तींनी विचारलं, काय आहे? कंपनीतर्फे नागपूरचा मोठा वकील उभा होता. तो हसून काहीतरी म्हणाला आणि दोघे तिघे वकीलही हसले. न्यायमूर्ती हसले नाहीत. ते बराच वेळ बोलले, हळू आवाजात, आणि हसणारे गप्प झाले. माणिकबाईला एक अक्षर कळलं नाही. पण शिपाई मागं सरकला आणि तिला कुणी उठवलं नाही.

बाहेर व्हरांड्यात वामनरावांनी सांगितलं. कंपनीचा वकील म्हणाला होता, हे नाटक कोर्टासाठी चाललं आहे. त्यावर न्यायमूर्ती म्हणाले, ही बाई इथं आडवी झाली याच्यावरून मी काहीही ठरवणार नाही, कारण तो पुरावा नाही. आणि याच कारणासाठी ती खाली स्वस्थ बसली यावरून कमिशनरांनाही काही ठरवायचा अधिकार नव्हता. एक घागर आणणं म्हणजे दिवसभर माचावर बसून काम करणं नव्हे, आणि ती आणल्यावर पुढं काय झालं हे तिला कुणी विचारल्याचं कागदांत दिसत नाही. तिचा डॉक्टर ऐका, तिला पुरतं बोलू द्या, आणि तिची कमाई किती घटली तो प्रश्न सोडवा. खालचा निकाल रद्द.

शालिकरामनं वामनरावांच्या पायांना हात लावला. माणिकबाई मात्र थांबली.

"म्हंजे भरपाई देल्ली?"

"नाही. दावा पुन्हा अमरावतीला जाईल. पुन्हा सुनावणी होईल."

"कोनासमोर?"

"त्याच साहेबांसमोर."

गाडीत परत तशीच जमिनीवर पडून आली. जिंकून येणाऱ्या बाईसारखं तिला मुळीच वाटत नव्हतं. एका माणसानं तिला खोटं म्हटलं, दुसऱ्यानं त्याला सांगितलं की असं म्हणायची ही रीत नव्हे, आणि आता पुन्हा त्या पहिल्याच्या दारात जाऊन उभं राहायचं. चूक साहेबाची, आणि हेलपाटा तिचा. याला न्याय म्हणत असतील तर म्हणोत.

दुसऱ्या सुनावणीला वामनराव अकोल्याहून खुशालराव डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांनी सांगितलं, की हिची डावी पोटरी उजवीहून बारीक झाली आहे. कंबरेतल्या नसेला मार बसला की असं होतं. कंपनीच्या डॉक्टरनं पायाकडं पाहिलंच नव्हतं, कारण बाई कंबरेवर पडली होती. कंपनीच्या वकिलानं विचारलं, "पण दुखतं हे तुम्हाला तिनंच सांगितलं ना? तुम्ही दुखणं पाहिलं का?"

"दुखणं मला नेहमी रोगीच सांगतो," खुशालराव म्हणाले. "तुमची दाढ दुखली तर तुम्हीही येऊन सांगालच. मी तेव्हा साक्षीदार मागणार नाही."

मग माणिकबाईची पाळी आली. या खेपेला ती बाकावर बसली नाही. कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली आणि पाय बदलत राहिली. कंपनीच्या वकिलानं पुन्हा घागर काढली. ती म्हणाली, आणली. तो खाली बसणार तोच वामनराव उठले आणि त्यांनी विचारलं, पुढं काय झालं?

"घागर चुलीपाशी ठेवली अन् मी तिथंच खाली बसली. उठता येयेना. हे तापात बरळून रायले होते, पानी मांगून रायले होते. मी खुरडत गेली त्याहिच्या बाजेपाशी, लोटा दातात धरून, कारन दोनी हात भुईवर टेकले होते. पानी पाजलं. दुसऱ्या दिवशी हलीमाबी आली अन् तिनं बगलेत हात घालून उठवली, तवा उठली. घागर सूर्यभाननं पाह्यली. बाकीचं पाहाले तो थांबला नाई."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी स्वतः विचारलं, की एवढं दुखत होतं तर मागच्या खेपेला इथं गुमान का बसून होतीस?

माणिकबाईनं त्यांच्याकडं सरळ पाहिलं. वामनरावांनी तिला गप्प राहायची खूण केली नाही.

"बसा म्हनलं, म्हनून बसली. कण्हली असती तं तुमी नाटक म्हनलं असतं. उठून उभी रायली असती तं उद्धट म्हनलं असतं. गुमान बसली तं दुखतच नाई म्हनलं. मी कशी बसू म्हंजे तुमाले खरं वाटन, तेवढं सांगा सायेब. तशी बसतो."

साहेबांचा चेहरा लाल झाला. कारकुनाला त्यांनी सांगितलं, शेवटचं लिहू नको. पण वामनराव उठले आणि अदबीनं म्हणाले, की प्रश्न कोर्टानं विचारला आहे, तेव्हा उत्तर कागदावर आलं पाहिजे; अपिलात ते लागेल. अपील हा शब्द ऐकून साहेब थबकले. उत्तर लिहिलं गेलं.

निकाल तिच्या बाजूनं लागला. पुरा नाही. तिची कमवायची ताकद अर्धी गेली, असं साहेबांनी ठरवलं. अर्धीच का, हे विचारायला पुन्हा नागपूर गाठावं लागलं असतं. वामनराव तयार होते, शालिकरामही कसंबसं हो म्हणाला. माणिकबाईच नको म्हणाली. पुन्हा त्या गाडीत तशी पडून जायची तिच्यात ताकद उरली नव्हती, आणि ही गोष्ट कुठल्या साहेबाला पटवून द्यायचीही तिची इच्छा नव्हती. आलेल्या भरपाईतून शालिकरामनं मळ्यात विहीर बांधून काढली आणि भाजी वाहायला एक बंडी घेतली. तिची कंबर मात्र निकाल ऐकून काही दुखायची थांबली नाही. पहाटे माणिकबाई उठायच्या आधी तिचं दुखणं उठायचं.

पुढचा हंगाम सुरू झाला आणि हलीमाबी एक दिवस संतापून आली. जिनात माच नवा केला होता, तेवढं चांगलं. पण नवीन रीतही काढली होती. कुणी बाई पडली, कुणाचा हात चिमटला, की सूर्यभान तिला उठवायच्या आधी एका कागदावर तिचा आंगठा घेतो. त्यात लिहिलेलं असतं, मला काही लागलं नाही, मला काही दुखत नाही. दोघीतिघींनी देऊनही टाकला होता. न दिला तर दुसऱ्या दिवशी काम नाही.

माणिकबाईनं ते ऐकलं. तिच्या खटल्यातून कंपनी हे शिकली होती.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटायच्या वेळेला ती शालिकरामच्या बंडीत आडवी पडून जिनाच्या फाटकापाशी गेली. शालिकरामनं तिला उतरवलं. बाया बाहेर पडू लागल्या तशी ती फाटकाच्या लोखंडी दांड्याला धरून उभी राहिली आणि येणाऱ्या एकेकीला थांबवून सांगू लागली. आंगठा देऊ नका. पडलात तर तिथंच बसून राहा, दुखत असेल तर मोठ्यानं सांगा, चारचौघींना ऐकू जाईल असं सांगा. दुखणं पदराआड झाकू नका, झाकलेलं ते लोक नाही म्हणून लिहितात.

सूर्यभान बाहेर आला आणि तिला म्हणाला, फाटकापासून सरक, ही कंपनीची जागा आहे.

"रस्ता सरकारचा हाय," माणिकबाई म्हणाली, "अन् मले लवकर चालता येत नाई, हे कोर्टाच्या सायेबानंच लिहून देल्लं हाय."

बायांमध्ये हशा पिकला. ती हसली नाही. तिचा पाय थरथरत होता, आणि अजून निम्म्या बाया बाहेर यायच्या होत्या. शालिकराम बंडीपाशी बैलांना धरून उभा होता. त्यानं तिला चल म्हटलं नाही. तिनं दांडा दुसऱ्या हातात घेतला आणि पुढच्या बाईला हाक मारली.